टायमिंग बेल्ट तुटला: इंजिन वाचलं की गेलं, हे हेड उतरवण्याआधी कसं तपासायचं

टायमिंग बेल्ट तुटला की गाडीमालकाला दोनपैकी एक उत्तर ऐकायला मिळतं. एक मेकॅनिक म्हणतो, "इंजिन गेलं, हेड उतरवावंच लागेल." दुसरा म्हणतो, "नवा बेल्ट टाकू, सेल्फ मारून बघू." (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, ज्यात व्हॉल्व्ह असतात.) दोन्ही उत्तरं तपासणीच्या आधीची आहेत. पहिल्याचं ऐकलं तर धडधाकट इंजिन उगाच खोललं जाऊ शकतं. दुसऱ्याचं ऐकलं तर थोडक्यात निभावलेलं नुकसान दुप्पट होऊ शकतं.

बेल्ट तुटताना जे व्हायचं ते पहिल्या काही फेऱ्यांतच होऊन जातं. त्यानंतर इंजिन आणखी मोडतं ते बहुतेक वेळा आपल्याच हातून: पुन्हा पुन्हा सेल्फ मारून, धक्का देऊन, घाईने बेल्ट चढवून. म्हणून खालचा क्रम पाळा. स्वतः काम करणार नसाल तरी गॅरेजमध्ये कोणत्या टप्प्यावर काय विचारायचं, हे त्यातून कळेल.

एवढं आधी लक्षात असू द्या. क्रँकशाफ्ट म्हणजे पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो खालचा दांडा. कॅमशाफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह (हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा) उघडणारा वरचा दांडा. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा होतो आणि हा मेळ बेल्ट राखतो. बेल्ट तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो आणि काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात. क्रँक मात्र वेगामुळे फिरत राहतो आणि पिस्टन वर येत राहतात. उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन यांची जागा ज्या इंजिनात एकच असते, त्याला इंटरफिअरन्स इंजिन म्हणतात. तिथे टक्कर होते आणि व्हॉल्व्ह वाकतात. ज्या इंजिनात दोघांमध्ये पुरेसं अंतर असतं, तिथे नवा बेल्ट बसवून गाडी पुन्हा चालते.

टप्पा १: रस्त्यावर असताना

लक्षणं ठळक असतात. इंजिन न अडखळता एकदम बंद पडतं, कधी आधी टकटक किंवा फटका ऐकू येतो. त्यानंतर सेल्फ मारला तर इंजिन नेहमीपेक्षा वेगाने, हलकं, एकसारख्या सुरात फिरतं, कारण कॉम्प्रेशनचा जोर लागत नाही. हा सूर एकदा ऐकलात तर दुसऱ्यांदा ऐकायचा मोह धरू नका.

चालत्या गाडीत इंजिन असं बंद पडलं तर क्लच दाबा. चाकांकडून इंजिनाला मिळणारा जोर तुटतो आणि क्रँक लवकर थांबतो. घाटात उतारावर असाल तर मात्र इंजिनाचा विचार सोडा आणि आधी गाडी ताब्यात ठेवा. ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांपुरतीच मदत करतो, मग पेडल दगडासारखं घट्ट होतं. पुष्कळ डिझेल गाड्यांत व्हॅक्यूम पंप कॅमशाफ्टवरच असतो, त्यामुळे नवा व्हॅक्यूम तयार होत नाही. ब्रेक पंप करत बसू नका, एकदाच जोर लावून धरून ठेवा. स्टिअरिंगही जड होईल.

गाडी थांबल्यावर न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, चाकाखाली दगड लावा. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून उभी करायची सवय इथे नडते. गाडी थोडी सरकली तरी क्रँक फिरतो आणि पिस्टन व्हॉल्व्हवर जाऊन टेकतो.

सावधान: धक्का स्टार्ट अजिबात नको. गाडी ओढून न्यायची असेल तर न्यूट्रलमध्येच. ऑटोमॅटिक गाडी फ्लॅटबेडवरूनच न्या.

ऑइलचं झाकण काढून "सेल्फ मार, कॅम फिरतो का बघतो" हा प्रकार सर्रास होतो. बेल्ट तुटल्याची खात्री होते खरी, पण त्या दोन सेकंदांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर पुन्हा कित्येकदा आदळतात. तीच खात्री वरचं प्लास्टिकचं कव्हर काढून, काहीही न फिरवता होते.

टप्पा २: तुमचं इंजिन कोणत्या जातीचं आहे?

आधी बेल्ट आहे की चेन ते पाहा. मारुती ८००, जुनी ८०० सीसी अल्टो, जुनी सँट्रो, इंडिका डिझेल, डस्टरचं १.५ डिझेल, पोलो आणि व्हेंटोची १.५ व १.६ डिझेल, इनोव्हाचं २.५ डिझेल या सगळ्यांत बेल्ट आहे. टायगुन, कुशाक, स्लाव्हिया, व्हर्टस यांच्या १.० आणि १.५ टीएसआय पेट्रोल इंजिनांतही बेल्टच आहे, हे नव्या गाडीच्या पुष्कळ मालकांना ठाऊक नसतं. स्विफ्टच्या १.३ डिझेलमध्ये आणि मारुतीच्या के-सीरिज पेट्रोल इंजिनांत चेन असते.

इंजिन डिझेल असेल तर ते इंटरफिअरन्स आहे असंच धरा. डिझेलचं कॉम्प्रेशन इतकं जास्त असतं की वर आलेला पिस्टन आणि हेड यांच्यात उघड्या व्हॉल्व्हला जागाच उरत नाही. पेट्रोलमध्ये दोन्ही जाती आढळतात. तिथे अंदाजावर जाऊ नका. तुमच्या इंजिनाच्या कोडवरून सर्व्हिस मॅन्युअल पाहा किंवा बेल्ट बनवणाऱ्या कंपनीचा कॅटलॉग पाहा. काही कॅटलॉगांत इंटरफिअरन्स इंजिनांवर खूण केलेली असते.

पिस्टनच्या डोक्यावर व्हॉल्व्हसाठी खोबणी आहेत म्हणून इंजिन सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. त्या खोबणी टायमिंग बरोबर असतानाच्या अंतरासाठी असतात. बेल्ट तुटल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असू शकतो.

वेग कमी होता, नुसतं सुरू करताना बेल्ट तुटला, म्हणून काही झालं नसेल, असंही धरू नका. कमी वेगात नुकसान कमी होण्याची शक्यता असते, एवढंच. व्हॉल्व्हचा दांडा वाकायला फार जोर लागत नाही.

टप्पा ३: तुटलेला बेल्ट वाचा

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि मगच कव्हर उघडा. बेल्टचे तुकडे फेकू नका. बेल्ट का तुटला हे कळलं नाही तर नवा बेल्टही त्याच कारणाने जाईल, आणि बहुतेक गॅरेजांत हाच टप्पा गाळला जातो.

एकाच जागचे सलग काही दात सोललेले असतील तर काहीतरी अडकलं होतं: वॉटर पंप, कॅमशाफ्ट, किंवा डिझेलमध्ये बेल्टवर चालणारा फ्युएल पंप. एका बाजूची कड झिजून धागे निघाले असतील तर टेन्शनर (बेल्टला ताण देणारी पुली) किंवा आयडलर (बेल्टला वळण देणारी पुली) तिरका झालाय, नाहीतर त्याचं बेअरिंग गेलंय. बेल्ट तेलाने फुगलेला, मऊ झाला असेल तर कॅम किंवा क्रँकचं सील गळतंय. पाठीवर बारीक भेगा असतील तर बेल्टचं वय झालं होतं. आणि कापल्यासारखा सरळ, स्वच्छ तुटला असेल तर बसवताना तो दुमडला गेला असण्याची दाट शक्यता आहे.

मग वॉटर पंप, टेन्शनर आणि आयडलर हाताने फिरवून पाहा. खरखर, ढिलेपणा, अडखळणं यांतलं काहीही असेल तर लिहून ठेवा. कॅमला मात्र अजून हात लावू नका.

पडताळणी: तुटण्याचं कारण एका वाक्यात सांगता येत नसेल तर पुढे जाऊ नका. "जुना झाला होता" हे कारण भेगा दिसत असतील तरच खरं.

टप्पा ४: क्रँक सुरक्षित जागी, मग कॅम खुणेवर

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. खूण म्हणजे टायमिंग जुळवण्यासाठी पुलीवर आणि इंजिनावर केलेली निशाणी. बेल्ट नसताना कॅम फिरवला आणि त्या वेळी एखादा पिस्टन वर असला, तर पान्याच्या जोराने व्हॉल्व्ह वाकतो. रस्त्यावर वाचलेलं इंजिन गॅरेजमध्ये मोडतं ते असं.

१. गाडी न्यूट्रलमध्ये आहे आणि चाकं अडवलेली आहेत, हे पुन्हा पाहा.

२. पेट्रोल इंजिनाचे सगळे स्पार्क प्लग काढा. कॉम्प्रेशन नसलं की हाताला खरा अडथळा जाणवतो. डिझेलमध्ये ग्लो प्लग (थंड इंजिन तापवणारे प्लग) काढता येतात, पण जुने ग्लो प्लग डोक्यापासून तुटतात. घट्ट वाटले तर जोर लावू नका.

३. लांब दांड्याच्या रॅचेटने क्रँक हळूहळू फिरवून कोणताही पिस्टन वरच्या टोकाला नसेल अशा जागी आणा. नेहमीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात ही जागा खुणेपासून पाव फेरा अलीकडे असते. तिथे चारही पिस्टन मधोमध असतात. तीन सिलिंडरच्या इंजिनात तिन्ही मधोमध येत नाहीत. तिथे एका पिस्टनच्या वरच्या टोकाआधी ६० अंशांवर थांबा. मॅन्युअलमध्ये वेगळी जागा दिली असेल तर तीच पाळा.

४. आता कॅम खुणेवर आणा. दोन कॅम असतील तर एक थोडा, मग दुसरा थोडा. काही इंजिनांत इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह एकमेकांनाही लागू शकतात.

५. शेवटी क्रँक त्याच्या खुणेवर आणा.

सावधान: कुठेही अडलं की थांबा, थोडं मागे फिरवा, कारण शोधा. "जरा जोर लाव, जाईल" हे वाक्य या टप्प्यावर चालत नाही.

बेल्टवर व्हाइटनरच्या खुणा करून काम भागवणं जुन्या साध्या इंजिनांत जमून जायचं. तुटलेल्या बेल्टच्या बाबतीत तेही शक्य नसतं, कारण जुनी स्थिती गेलेली असते. काही इंजिनांत क्रँकच्या पुलीला चावीच (शाफ्टवरची जागा पक्की करणारी छोटी पट्टी) नसते, पुली फक्त बोल्टच्या दाबाने धरलेली असते. तिथे कंपनीने सांगितलेल्या लॉकिंग पिनांशिवाय टायमिंग लागत नाही. तुमच्या इंजिनाच्या पिना आहेत का, हे गॅरेजमध्ये काम देण्याआधी विचारा. नसतील तर दुसरं गॅरेज शोधा.

टप्पा ५: हेड न उतरवता तपासणी

स्वस्त तपासणी आधी, महाग नंतर, असा क्रम ठेवा.

पहिली तपासणी टॅपेट कव्हर (हेडवरचं झाकण) उघडून. तुटलेला किंवा जागेवरून सुटलेला रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा छोटा हात) नुसत्या डोळ्यांना दिसतो. रॉकर तुटला म्हणजे व्हॉल्व्ह वाचला असं मात्र नाही. ज्या इंजिनात टॅपेटचा गॅप हाताने लावायचा असतो, तिथे फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून पाहा. वाकलेला व्हॉल्व्ह सीटवर (तो जिथे टेकून बंद होतो त्या कडेवर) पूर्ण बसत नाही, त्याचा दांडा खालीच राहतो, म्हणून त्याचा गॅप बाकीच्यांपेक्षा बराच मोठा येतो. हायड्रॉलिक टॅपेटमध्ये (जे ऑइलच्या दाबाने गॅप आपोआप भरतात) ही खूण भरवशाची नाही.

दुसरी तपासणी कॅमेऱ्याने. फोनला जोडायचा बारीक एंडोस्कोप प्लगच्या भोकातून सोडा. पिस्टनच्या काळ्या डोक्यावर चंद्रकोरीसारखे ताजे चकाकते ओरखडे दिसले तर टक्कर झाली. ओरखडे नाहीत म्हणून निश्चिंत होऊ नका, पण दिसले तर त्यांचा फोटो काढून ठेवा. पुढे खर्चाचं बोलणं निघेल तेव्हा तो कामी येतो.

तिसरी तपासणी हाताने दोन फेऱ्यांची. बेल्ट तात्पुरता चढवा, ताण द्या, आणि क्रँक त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. न अडता फिरला आणि सगळ्या खुणा पुन्हा जुळल्या तर पुढे जा. पुष्कळ जण इथेच आनंदून सेल्फ मारतात. किंचित वाकलेला व्हॉल्व्ह हाताच्या फेऱ्यात अडत नाही, तो फक्त गळतो. म्हणून पुढची तपासणी टाळू नका.

चौथी आणि निर्णायक तपासणी म्हणजे लीक-डाउन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते पाहणं. एकेक सिलिंडर कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा. त्या वेळी त्याचे सगळे व्हॉल्व्ह बंद असतात. प्लगच्या भोकातून गेजमार्फत साधारण ७ बार, म्हणजे १०० पीएसआय हवा सोडा. हवेचा जोर पिस्टन ढकलून क्रँक फिरवू शकतो, त्यामुळे रॅचेट घट्ट धरा आणि बोटं पुलीपासून लांब ठेवा. मग ऐका.

एअर फिल्टरच्या बाजूने फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह गळतोय. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट. ऑइलच्या झाकणातून आली तर रिंग किंवा पिस्टन. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅसकेट. थोडी गळती प्रत्येक इंजिनात असते. वाकलेल्या व्हॉल्व्हच्या सिलिंडरमध्ये मात्र हवा टिकतच नाही.

एखाद्याच सिलिंडरमध्ये हलकी गळती आढळली तर लगेच निकाल देऊ नका. सीटवर कार्बनचा कण अडकूनही असं होतं. क्रँक हाताने काही फेरे फिरवा आणि त्याच सिलिंडरची तपासणी पुन्हा करा.

लीक-डाउन गेज नसेल तर कॉम्प्रेशन टेस्ट करा, पण ती सेल्फने होते. म्हणून हाताचे दोन फेरे विनाअडथळा झाल्यावरच, आणि प्लगचं करंट व इंधन बंद करून. चांगल्या पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १४ बार मिळतात, डिझेलमध्ये २० ते ३०. पेट्रोलचा गेज डिझेलला लावू नका. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा आहे. एक-दोन सिलिंडर शून्याच्या आसपास असतील तर व्हॉल्व्ह गेले. सगळेच सारखे कमी असतील तर हेडला हात लावण्याआधी टायमिंग पुन्हा तपासा. एक दात इकडेतिकडे झाला तरी असं दिसतं.

पडताळणी: प्रत्येक सिलिंडरचा आकडा कागदावर हवा. मेकॅनिक नुसतं "कॉम्प्रेशन नाहीये" म्हणत असेल तर कोणत्या सिलिंडरचं आणि किती, हे विचारा. हेड उतरवायची परवानगी त्यानंतर द्या.

टप्पा ६: हेड उतरवावंच लागलं तर

इंजिन पूर्ण थंड असताना, बोल्ट बाहेरून आतल्या दिशेने, क्रमाने, थोडे थोडे सैल करा. गरम हेड सोडवलं तर ते वाकतं.

वाकलेले दिसतात तेवढेच व्हॉल्व्ह बदलायचे, ही चूक महागात पडते. सरळ दिसणाऱ्या व्हॉल्व्हनेही मार खाल्लेला असू शकतो. असा व्हॉल्व्ह काही महिन्यांनी तुटून सिलिंडरमध्ये पडला तर पिस्टन आणि हेड दोन्ही जातात. डिझेलमध्ये पूर्ण संच बदला असं मी आग्रहाने सांगेन. पेट्रोलमध्ये निदान ज्या सिलिंडरमध्ये टक्कर झाली तिथले सगळे बदला, आणि उरलेले डायल गेजवर (बारीक फरक काट्याने दाखवणारं मापक) फिरवून पाहा. व्हॉल्व्ह गाइडला तडा गेलाय का, कॅमशाफ्ट आणि त्याच्या कॅप ठीक आहेत का, हे याच वेळी पाहून घ्या. स्टेम सील नवीच टाका.

पिस्टनच्या डोक्यावर नुसता ओरखडा असेल तर तो चालतो. खड्डा किंवा तडा असेल तर नाही. जोराची टक्कर झालेल्या डिझेलमध्ये कनेक्टिंग रॉडही वाकतो. सगळे पिस्टन आळीपाळीने वरच्या टोकाला आणून त्यांची उंची डायल गेजने मोजा. एकच खाली राहत असेल तर त्याचा रॉड वाकलाय.

मशिनशॉपमध्ये हेड सरसकट घासून घेऊ नका. आधी सरळ पट्टी आणि फीलर गेजने ते सपाट आहे का पाहा. डिझेलमध्ये हेड घासलं की व्हॉल्व्ह आणि पिस्टन आणखी जवळ येतात, आणि काही कंपन्या डिझेल हेड घासायला परवानगीच देत नाहीत. पुष्कळ डिझेल इंजिनांचं हेड गॅसकेट वेगवेगळ्या जाडीत येतं. जाडी काठावरच्या भोकांवरून किंवा खाचांवरून ओळखतात. जुन्यावर जेवढ्या खुणा असतील तेवढ्याच नव्यावर हव्यात.

व्हॉल्व्ह बसवून झाल्यावर हेड उलटं ठेवा, प्रत्येक कप्प्यात रॉकेल भरा आणि थोडा वेळ थांबा. पोर्टमधून (व्हॉल्व्हमागच्या वाटेतून) ओल आली तर लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणं) पुन्हा. ही तपासणी फुकटात होते आणि हेड दुसऱ्यांदा उतरवायची वेळ टाळते. हेडचे बोल्ट एकदाच वापरायच्या जातीचे असतील तर नवेच घ्या, आणि मॅन्युअलमधल्या टॉर्क व अंशांनुसारच आवळा.

टप्पा ७: नवा बेल्ट बसवताना

फक्त बेल्ट बदलू नका. टेन्शनर, आयडलर, बेल्टवर चालत असेल तर वॉटर पंप, आणि गळणारं सील हे सगळं एकाच वेळी बदला. यातला एक भाग वाचवला आणि त्याचं बेअरिंग अडकलं तर नवा बेल्ट आणि नवे व्हॉल्व्ह दोन्ही जातात. किट बिलावर घ्या. नकली बेल्ट बाजारात आहेत आणि दिसायला सारखेच असतात.

बेल्ट दुमडू नका, उलटा करू नका, स्क्रूड्रायव्हरने ढकलून चढवू नका. हाताला ऑइल असेल तर आधी पुसा. ताण थंड इंजिनावर, मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीनेच द्यायचा. अंगठ्याने दाबून अंदाज घेणं ऑटोमॅटिक टेन्शनरला लागू होत नाही.

ऑइलमध्ये फिरणारा बेल्ट असेल, जसा इकोस्पोर्टच्या १.० इकोबूस्टमध्ये असतो, तर आणखी एक काम आहे. झिजलेल्या बेल्टचे कण ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. सम्प (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवून जाळी साफ केल्याशिवाय ते इंजिन सुरू करू नका, नाहीतर ऑइलचा दाब नसल्याने बेअरिंग जातील.

बसवून झालं की पुन्हा हाताने दोन फेरे, पुन्हा खुणा, पुन्हा टेन्शनरचा काटा. मॅन्युअलमध्ये जास्त फेरे सांगितले असतील तर तेवढे.

टप्पा ८: पहिला सेल्फ

फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा आणि सेल्फ काही सेकंद फिरवा. इंजिनाचा सूर आता चढ-उताराचा, कॉम्प्रेशन असलेला यायला हवा. ऑइलही वरपर्यंत पोचतं. मग फ्यूज लावून सुरू करा. हायड्रॉलिक टॅपेटचा आवाज थोडा वेळ येऊ शकतो. धातूवर धातूची ठक ठक आली तर त्याच क्षणी बंद करा. ॲक्सिलरेटर दाबून "मोकळं" करायचा प्रयत्न नको.

कुलंट भरून हवा काढा, पंखा लागेपर्यंत गरम होऊ द्या, गळती पाहा. बदललेले सगळे जुने भाग मागून घ्या.

विम्याची आशा धरून कामाला उशीर करू नका. साधी मोटार पॉलिसी यांत्रिक बिघाडाचे पैसे देत नाही.

बेल्ट बदलल्याचं किलोमीटर आणि तारीख कव्हरवर स्टिकर लावून लिहा. पुढची मुदत गाडीच्या पुस्तकात पाहा. ती किलोमीटर आणि वर्षं अशा दोन्हींत दिलेली असते, आणि जी आधी संपेल ती धरायची. कमी चालणाऱ्या गाडीत नेमकं वर्षांकडे दुर्लक्ष होतं. काही टोयोटा डिझेल गाड्यांत डॅशबोर्डवर टी-बेल्टचा दिवा असतो, पण तो फक्त किलोमीटर मोजतो, बेल्टची अवस्था त्याला कळत नाही. बेल्ट बदलल्यावर तो रीसेट करून घ्या. हेड उघडलं असेल तर पहिले काही दिवस रोज सकाळी थंड इंजिनावर कुलंटची पातळी आणि ऑइलची कांडी पाहा. पातळी उतरत असेल किंवा ऑइल दुधाळ दिसलं तर गाडी न चालवता गॅरेजला कळवा.